आधी तुम्ही पडा

समोरच्या माणसाने थोडं सहकार्य केलं तर मी जगातल्या कोणत्याही मल्लाला लोळवू शकतो. सहकार्य म्हणजे फार नाही. त्याने उजवा हात माझ्या छातीवर ठेवायचा, तो तिथून हलवायचा नाही, डोकं किंचित खाली घ्यायचं, वजन पुढच्या बाजूला द्यायचं आणि पुढचं काय ते मला आठवेपर्यंत थांबायचं. एवढं ज्याला जमेल त्याचा हात मी असा धरतो, एक पाय त्याच्या कमरेवर असा रोवतो आणि दुसरा मानेवरून असा टाकतो, की बघणाऱ्याने दाद द्यावी. आमच्या सरांनीही एकदा दिली. "छान," ते म्हणाले, "आता त्याला जरा विरोध करू द्या."

माझ्या क्रीडाजीवनाला तिथून उतरती कळा लागली.

चाळिशी उलटली की पुण्यातला माणूस सिंहगड चढायला लागतो, महागडी सायकल घेतो किंवा हार्मोनियमचा क्लास लावतो. मी ब्राझिलियन जिउ-जित्सूचा क्लास लावला, कारण तो घरापासून चालत पाच मिनिटांवर होता आणि सिंहगड नव्हता. या खेळात ठोसे नाहीत, लाथा नाहीत. समोरच्याला जमिनीवर न्यायचं आणि त्याचा हात, पाय किंवा मान अशा अवस्थेत आणायची की त्याने आपणहून थोपटून 'पुरे' म्हणावं. याला टॅप करणं म्हणतात. मित्सुयो माएदा नावाचा एक जपानी जुदोवाला 1914 साली ब्राझीलला पोचला, तिथे त्याने ग्रेसी घराण्यातल्या कार्लोसला डाव शिकवले, त्याने ते भावांना शिकवले आणि शंभरेक वर्षांनी त्याचे परिणाम माझ्या मानेला भोगावे लागताहेत.

क्लास सव्वा तासाचा. आधी अंग मोकळं करायचं. त्यात पाठीवर पडून, कंबर एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे मारत, कोळंबीसारखं मागे मागे सरकत हॉलच्या दुसऱ्या टोकाला जायचं असतं. एका कंपनीचे व्हाइस प्रेसिडेंट, एक सीए, दोन प्राध्यापक आणि मी असे ओळीने सरकत जातो तेव्हा एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं नाही, असा अलिखित नियम आहे. मग सर एखादा डाव दाखवतात. मग जोड्या लावून तो डाव घोटायचा, ज्याला ड्रिल म्हणतात. आणि शेवटी स्पॅरिंग, म्हणजे खरीखुरी लढत. सगळा वाद या शेवटच्या दोन गोष्टींत वेळ कसा वाटायचा, यावर आहे. त्यावरून क्लासमध्ये दोन पक्ष पडले आहेत, एक घोटणाऱ्यांचा आणि दुसरा लढणाऱ्यांचा. दोन्ही पक्षांचा सरांवर अतिशय जीव आहे. सर आतून दुसऱ्या पक्षाला सामील आहेत, याबद्दलही दोघांचं एकमत आहे.

घोटणाऱ्यांचे पुढारी म्हणजे आमचे सीए. ते मॅटवर वही घेऊन येतात. तीन रंगांची पेनं आणतात. त्यांच्या वहीत प्रत्येक डावाच्या पायऱ्या लिहिलेल्या आहेत आणि आकृत्याही आहेत, फक्त त्यातला कोणता पाय कुणाचा हे त्यांनाच नंतर कळत नाही. कुठलाही डाव विचारा, त्यांना तोंडपाठ असतो. लढायला बोलावलं की मात्र म्हणतात, "डाव अजून पक्का झाला नाहीये. पक्का झाला की लढू या."

"कधीपर्यंत होईल?"

"मार्च एंड उलटू दे."

त्याच पक्षात एक सेवानिवृत्त अभियंते आहेत. त्यांचं सगळं आयुष्य 'पण समजा' या दोन शब्दांवर उभं आहे. सरांनी डाव दाखवून संपवला की यांचा हात वर. "सर, पण समजा त्याने हात काढून घेतला तर?" सर ते दाखवतात. "पण समजा तेव्हा त्याने मान फिरवली?" सर तेही दाखवतात. "आणि समजा फिरवलीच नाही?" सर भला माणूस आहे. स्पॅरिंगला ठेवलेली वीस मिनिटं अशी त्यांच्या शंकांपायी खर्ची पडतात. वेळ संपत आली की साहेबांच्या साऱ्या शंका एकाएकी फिटतात, हे मी बारकाईने पाहिलेलं आहे. घड्याळ त्यांच्या समोरच्याच भिंतीवर आहे.

तरीही कधीकधी सर न ऐकता टायमर लावायला वळतात. त्यांची पाठ फिरताच हॉलमध्ये जी धावपळ उडते, ती चपळाई या लोकांनी लढताना दाखवली असती तर देशाला पदकं मिळाली असती. कुणाचा पट्टा सुटतो. कुणाची कॉन्टॅक्ट लेन्स सरकते. कुणाला पायाच्या बोटाचं नख वाढल्याचा साक्षात्कार होतो आणि नखाने दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून तो गृहस्थ माणुसकीच्या भावनेने बाहेर जाऊन बसतो. एकाला नेमका तेव्हाच बायकोचा फोन येतो. ते अविवाहित आहेत. माझ्यापुरतं सांगायचं तर माझा उजवा गुडघा दुखरा आहे. डाव घोटताना तो उत्तम असतो.

लढणाऱ्यांचं सगळं उलट. हे तीन-चार जिमवाले तरुण. त्यांचे दंड माझ्या मांडीएवढे आणि मांड्या कुणाएवढ्या म्हणाव्यात असा माणूस आमच्या ओळखीत नाही. हे बरोबर ड्रिल संपता संपता येतात. "सॉरी सर, ट्रॅफिक." त्यांतला एक त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. चुकून लवकर आलेच तर डाव दोनदा करतात, "आला सर" म्हणतात आणि मॅटच्या कोपऱ्यात बसून प्रोटीनच्या डब्यांचे भाव बोलत बसतात. त्यांना एकच डाव येतो. मान दिसली की आवळायची. मान नाही दिसली तर दिसेपर्यंत दुसरं काहीतरी आवळून ठेवायचं. दोन जिमवाले एकमेकांशी लढतात ते प्रेक्षणीय असतं. दोघे श्वास रोखून, लालबुंद होऊन एकमेकांना घट्ट धरतात आणि पाच मिनिटं कुणीही हलत नाही. घंटा वाजते. दोघे मॅटवर कोसळतात. "भारी झाला राव रोल!"

पण या सगळ्यांपेक्षा धोकादायक माणूस म्हणजे आमचे बँकवाले. गोड आवाज, चष्मा बाजूला काढून ठेवतात, हात मिळवताना दुसरा हात छातीला लावतात. "आपण हळू खेळू हं," असं म्हणतात. 'हळू' हा शब्द पुरता कानात शिरायच्या आत त्यांचं कोपर माझ्या बरगडीत शिरलेलं असतं. एकदा मी धीर करून म्हटलं, "अहो, हळू म्हणाला होतात ना?"

"हो," ते माझ्या मानेवरून उठत म्हणाले, "तुम्ही एकदम जोर लावलात, मग मला लावावा लागला."

मी तोवर श्वास घेण्याखेरीज कशालाही जोर लावलेला नव्हता.

आणखी एक प्रकार असतो, तो हरल्यावर शिकवणाऱ्यांचा. टॅप यांनीच केलेलं असतं, पण उठून बसतात आणि म्हणतात, "छान. मी मुद्दाम हात दिला होता तुला. तू घेतलास हे बरं केलंस. पुढच्या वेळी कोपर आत ठेव." याउलट जिंकले तर काहीच बोलत नाहीत, नुसते हसतात. बोललेले परवडतात.

क्लासमध्ये बारावीतली एक मुलगी आहे. ती वेळेवर येते. सांगितलेला डाव उजवीकडून आणि डावीकडून, दोन्ही बाजूंनी, न बोलता घोटते. स्पॅरिंगला जो मोकळा असेल त्याच्याशी लढते. हरली तर "कसं केलंत?" विचारते, तेवढं चारदा करून बघते आणि फिजिक्सच्या क्लासला निघून जाते. ती सहसा हरत नाही. तिच्याबद्दल विनोदी असं काही लिहिता येत नाही, हा तिच्यातला मोठा दोष आहे.

तर अशा या क्लासला एकदा आमच्या हिच्या मामांचे पाय लागले. मामा कोल्हापूरचे. तरुणपणी गंगावेस तालमीत मातीत उतरलेले. कान अजून मोडलेले आहेत आणि खुर्चीवर बसले की खुर्चीला आपण काय केलं असं वाटतं. जावई कुस्ती शिकतो हे ऐकून त्यांना भरून आलं. "बगायलाच पायजे," म्हणाले. मी त्यांना भिंतीकडेच्या बाकावर बसवलं. सरांनी माझी जोडी लावली, आम्ही हात मिळवले आणि मी शिकवल्याप्रमाणे पाठीवर पडून दोन्ही पायांनी समोरच्याच्या कमरेला विळखा घातला. या अवस्थेला गार्ड म्हणतात आणि जिउ-जित्सूत ती मोठ्या मानाची समजली जाते.

बाकावरून हंबरडा आला.

"आवो जावईबापू! सुरू व्हायच्या आदीच चित पडलासा!"

मी पडल्या पडल्या समजावलं. मामा, इथून हल्ला करता येतो, इथून हात धरता येतो, मान धरता येते, ही मुद्दाम घेतलेली जागा आहे. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आमच्यात ह्येला निकाल म्हनत्यात," ते म्हणाले. "तुमच्यात सुरवात म्हनत्यात व्हय?"

त्यानंतर ड्रिल सुरू झालं आणि मामांची खरी करमणूक झाली. मी हात धरायचा, सीए पडायचे. सीए हात धरायचे, मी पडायचा. पडताना एकमेकांना "लागलं नाही ना?" विचारायचं. अभियंत्यांनी मध्येच "पण समजा" सुरू केलं तेव्हा मामांनी तंबाखूची पुडी खिशातून काढली, मॅट बघितली आणि परत ठेवली.

घरी परतताना म्हणाले, "त्यो वहीवाला पावना लई गुनाचा हाय. ढकलायच्या आदीच पडतोय."

"मामा, तुमच्याकडे डाव घोटून घेत नव्हते का?"

"घोटून घ्यायचे की! पर कवा?" मामा रस्त्यातच थांबले. "पहाटं चारला वस्तादाची काठी पायाला लागायची. उठून मातीत उतरायचं. माती कसली, ताक, त्याल, हळद घालून लोन्यावानी केल्याली. तितं लढत. समोर कोन हाय त्ये अंदारात दिसायचं बी न्हाई. सांजच्याला जोर-बैठका. लढतीत कुनी ढाक मारली आनि आपन उताने पडलो, की वस्ताद म्हननार, आता हीच ढाक घोट. मग शंबर येळा घोटायची. ज्येनं पाडलं त्येच्याचकडनं घोटून घ्यायची."

"म्हणजे आधी पडायचं?"

"आदी पडायचं, मग घोटायचं. तुम्ही आदी घोटतासा आनि मग पडतासा. पडनं दोन्हीकडं हायच."

मी व्हिडिओंबद्दल बोललो. हल्ली घरबसल्या जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंचे डाव बघता येतात वगैरे. मामा हे असलं बोलणं फार वेळ ऐकून घेत नाहीत. "खाशाबा जाधव 1948 ला लंडनच्या ऑलिंपिकात सहावे आले," ते म्हणाले. "मातीतला मानूस, मॅटची सवं न्हवती. 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ घिऊन आले. मधली चार वर्सं काय मोबाईल बगत बसले हुते?"

मामा गेल्यावर मी घरी सराव सुरू केला. क्लासमध्ये सहकार्य करणारी माणसं असतात, घरी निदान तेवढं तरी मिळेल अशी माझी समजूत होती.

"तू फक्त माझी कॉलर धर," मी हिला म्हटलं.

"कशाला?"

"मला मारायला आलीयेस असं समज."

"समजायला कशाला पाहिजे?" असं म्हणून हिने जी कॉलर धरली, ती मला शिकवलेल्या कोणत्याही डावाने सुटेना. मी सांगितलं, की ड्रिलमध्ये इतकं घट्ट धरायचं नसतं. ही म्हणाली, "मग धरायचं कशाला?" गॅसवरची भाजी करपल्याचा वास आला म्हणून सुटलो. ड्रिल आणि स्पॅरिंग यांतला फरक मला आमच्या सरांनी समजावला नव्हता इतक्या स्वच्छ शब्दांत त्या दिवशी कळला.

दरम्यान क्लासमधलं भांडण इतकं वाढलं, की सरांना भाषण करावं लागलं. सर फारसं बोलत नाहीत, त्यामुळे सगळे दचकून बसले. त्यांनी जुदोचे जनक कानो जिगोरो यांची गोष्ट सांगितली. कानोंनी 1882 साली तोक्योतल्या एइशोजी नावाच्या देवळात बारा चटयांच्या खोलीत आपली शाळा काढली. जुन्या जपानी विद्यांमध्ये हात मोडायचे, डोळे फोडायचे असे भयंकर डाव होते आणि ते इतके भयंकर होते, की कुणालाही ते खरे करून बघता येत नसत. सगळे नुसते ठरलेल्या क्रमाने करायचे. कानोंनी काय केलं, तर हे जिवावर बेतणारे डाव ठरीव प्रात्यक्षिकांत ठेवून दिले आणि उरलेले, पूर्ण ताकदीने केले तरी दुसऱ्या दिवशी पोरगं जिवंत परत येईल असे डाव मोकळ्या लढतीला ठेवले. तिला रांदोरि म्हणतात. आणि तोच फेकीचा डाव न फेकता, नुसतं आत शिरून पुन्हा पुन्हा घोटायचा, त्याला उचिकोमि म्हणतात. कानोंच्या पोरांना ठरीव प्रात्यक्षिकं आणि मोकळी लढत, दोन्ही करावं लागे.

"म्हणजे लढत हवीच!" तिसऱ्या मजल्यावरचा म्हणाला.

"म्हणजे घोटणं हवंच," सीए म्हणाले आणि त्यांनी वहीत तारीख टाकली.

सरांनी कपाळाला हात लावला. मग गोष्टीचा पुढचा भाग सांगितला, की त्या देवळात पोरांच्या आदळआपटीने पूर्वजांच्या नावांच्या पाट्या खाली पडायला लागल्या आणि भिक्षूने तक्रार केली, असं सांगतात. हा भाग आम्हाला लगेच पटला, कारण आमच्या हॉलच्या खाली दातांचा दवाखाना आहे. स्पॅरिंगच्या वेळी डॉक्टर स्वतः जिना चढून वर येतात. एकदा तोंडावर मास्क, हातात ग्लोव्ह्ज तसेच घालून आले.

"अहो, रूट कॅनाल चालू आहे खाली. काय पडलं आत्ता?"

"सीए," सर म्हणाले.

तेव्हापासून डॉक्टर उघडपणे घोटणाऱ्यांच्या पक्षात आहेत.

शेवटी सरांनी प्रयोग करायचा ठरवला. एक महिना फक्त ड्रिल. लढत बंद. काय सांगू, तो महिना म्हणजे आमच्या क्लासचं सुवर्णयुग. कुणाचा पट्टा सुटला नाही, कुणाला फोन आला नाही, माझा गुडघा बरा झाला. सीएंनी तिसऱ्या मजल्यावरच्याला असं अलगद उलटवलं, की त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी आपापल्या स्टेटसला ठेवला, उलटलेल्यानेही. अभियंत्यांचे 'पण समजा' थांबले, कारण टाळायला काही उरलंच नव्हतं. आम्ही सगळे दिसायला इतके सुंदर झालो, की सरांनी महिनाअखेरीला दुसऱ्या एका क्लासची पोरं पाहुणी म्हणून बोलावली.

पाहुण्यांना आमचे डाव माहीत नव्हते, त्यामुळे ते पडेनात.

सीए पाठीवर पडून आपल्या पाहुण्याला समजावत होते, "नाही नाही, तुम्ही हात इथे ठेवायला हवा. माझ्या छातीवर."

"का?"

"म्हणजे मग मी तो धरतो."

"म्हणूनच नको," पाहुणा म्हणाला. त्याने दोन्ही कोपरं स्वतःच्या बरगड्यांना चिकटवली आणि सीएंच्या पायांचा विळखा सावकाश सोडवून पलीकडे गेला. पाहुण्यांनी आमचे हात, पाय, माना ज्या घेतल्या त्या अत्यंत नम्रपणे घेतल्या. जाताना एकाने मला विचारलं, "काका, तुम्ही योगाच्या बॅचला का?"

पुढचा महिना फक्त लढत. आता लढणाऱ्यांनी पेढे वाटले. आठवडाभरात हॉलला मलमांचा वास यायला लागला. प्रत्येकाच्या बोटांना पट्ट्या. दवाखान्याचे डॉक्टर वेळापत्रक मागून घेऊन गेले आणि अवघड पेशंट त्यांनी सकाळच्या वेळेला हलवले. आणि शिकलं कोण, काय? जिमवाले आधी मान आवळत होते, ते आता जास्त चांगली मान आवळू लागले. बँकवाल्यांचं 'हळू' आणखी जोरात झालं. ज्याला जे येत होतं तेवढंच तो रोज करत राहिला, कारण हरायची वेळ आली की माणूस नवा डाव करून बघत नाही, जुन्या सवयीला मिठी मारतो. अभियंत्यांनी रजा टाकली. माझी प्रगती सर्वस्वी संरक्षणात झाली. गुडघे पोटाशी, हात गळ्याशी, हनुवटी छातीशी घेऊन मी आता कोणाच्याही खाली पाच मिनिटं काहीही न करता पडून राहू शकतो. सर एकदा वाकून बघून गेले, ठीक आहात ना म्हणून.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी मधला मार्ग काढला, आणि खरं सांगायचं तर तो त्यांनी पहिल्यांदाच काढायला हरकत नव्हती. आधी दहा मिनिटं एकच डाव घोटायचा, समजा छातीवर बसलेल्या माणसाखालून निसटायचा. मग लगेच तिथूनच लढत लावायची. एक जण खाली, दुसरा छातीवर. खालच्याने निसटायचं, वरच्याने निसटू द्यायचं नाही, दोन मिनिटं. निसटला की पुन्हा तीच जागा, पुन्हा तेच. म्हणजे घोटलेला डाव त्याच संध्याकाळी न पडणाऱ्या माणसावर दहा-वीसदा करून बघावा लागतो, आणि इतक्या वेळा केल्यावर दोन-चारदा तो लागूही पडतो. वर हरलं तरी दोनच मिनिटांचं हरणं, त्यामुळे फारसं मनाला लागत नाही.

या व्यवस्थेने दोन्ही पक्ष एकत्र आले. दोघांनीही तिला विरोध केला.

जिमवाल्यांचं म्हणणं, ही काय लढत आहे, मानेपर्यंत पोचूच देत नाहीत. सीएंनी कायम वर बसण्याची परवानगी मागितली. बँकवाले छातीवर बसून "तयार?" असं इतक्या वेळा विचारतात, की दोन मिनिटांतलं दीड मिनिट विचारपूस करण्यातच जातं आणि खालच्याची फुप्फुसं तोवर रिकामी होतात. अभियंते रजेवरून परत आले, पाठीवर पडले आणि हात वर केला.

"सर, पण समजा तो छातीवर बसलाच नाही तर?"

"तर उठा आणि घरी जा," सर म्हणाले. सरांना मी प्रथमच चिडलेलं पाहिलं.

पण याच दिवसांत एक चमत्कार घडला. क्लासला एक नवीन मुलगा आला, बावीस-तेवीस वर्षांचा, सॉफ्टवेअरमधला, पहिलाच दिवस. सरांनी त्याला माझ्या छातीवर बसवलं. मी हात अडकवला, पाय अडकवला, कंबर उचलली, आणि तो पडला! कुणी सांगितलेलं नसताना पडला. मी वर होतो, तो खाली होता. मी पुढचं काय करायचं ते विसरलो, कारण इतक्या पुढे मी पूर्वी कधी आलो नव्हतो.

"काका, कसं केलंत?" त्याने विचारलं. मी त्याला पुढची दहा मिनिटं तो डाव समजावून सांगितला. ग्रेसी घराण्याचा इतिहास सांगितला. कानोंचा सांगितला. कोपर आत ठेवायला सांगितलं. सर दोनदा घसा खाकरून गेले. त्या रात्री मी मामांना फोन केला.

"लई ब्येस," मामा म्हणाले. "हिकडं बगा. वस्ताद म्हनायचे, पैलवानाला तीन जोडी लागत्यात. वरच्याशी लडून टिकायला शिकायचं, बरोबरीच्याशी लडून झुंजायला, आनि खालच्यावर नवा डाव करून बगायचा. नवा डाव पयल्यांदा खालच्यावरच बसतोय. मोटा पैलवान बारक्याला अंगावर घेतोय त्ये काय उगंच न्हवं. दोगांचं बी काम हुतंय."

मामांचं हे म्हणणं मला शब्दशः पटलेलं आहे. अडचण एवढीच, की तो सॉफ्टवेअरवाला मुलगा महिन्याभरात माझ्या छातीवर असा बसायला लागला, की खाली दवाखान्यातलं ड्रिल ऐकत पडून राहण्याखेरीज मला दुसरं काम उरत नाही. हलकटाने मी सांगितलेलं सगळं लक्षात ठेवलं होतं. वरच्या जोड्या मला हव्या तितक्या आहेत, पूर्ण क्लास आहे. बरोबरीला सीए आहेत, मार्चनंतर. खालची जागा मात्र रिकामी आहे.

तेव्हा वाचकांना कळकळीची विनंती आहे. आपण पुण्यात राहत असाल, वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, वजन साठ-पासष्टच्या आत असेल आणि आयुष्यात कधी कुणाशी झोंबाझोंबी केलेली नसेल, तर सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी सात वाजता या. कपडे जुने चालतील, नखं कापून यावीत. पहिला आठवडा फी नाही. गुडघा दुखरा असल्यास प्राधान्य. बारावीतल्या मुलींनी येऊ नये.